नवस तिचा, पाय माझा

१० मार्च

आज घरी आणलं मला. आणलं म्हणजे अक्षरशः उचलून आणलं. ऋषी डोक्याकडून, शेजारचा सुभाष पायांकडून आणि आमचे हे मधे नुसते "सांभाळून, सांभाळून" म्हणत. जन्मभर शाळेत पोरांना रांगेत उभं केलं, आणि आज मला उंबऱ्यातून आडवं आत नेताना अख्खी आळी रांगेत उभी राहून बघत होती. लाज वाटली आणि रागही आला. राग जास्त.

ही डायरी ऋषीने दिली. अवसरीच्या कॉलेजात लॅबमध्ये आहे तो. खताच्या दुकानातून मिळाली असावी, पहिल्याच पानावर जिवाणू खताची जाहिरात आहे. "आई, लिहीत जा, म्हणजे आमच्यावर कमी ओरडशील," म्हणाला. लिहीन, आणि ओरडेनही.

झालं ते एकदाच लिहून टाकते. नारायणगावहून येताना हायवेला टोमॅटोच्या पिकअपने आमच्या मोटरसायकलीला मागून ठोकलं. हे कडेच्या गवतात पडले, शर्टाची बाही फाटली, बस. मी डांबरावर. उजव्या मांडीचं हाड मोडलं. आत लांबच्या लांब सळई घातली आहे. डॉक्टर म्हणाले, मी एक्स-रे बघून सांगेपर्यंत पाय जमिनीला लावायचा नाही.

खाटेखाली विटा घालून ती उंच केली आहे, म्हणजे मला सरकवायला बरं. इथून माणसं फक्त कमरेच्या वर दिसतात. गावातली निम्मी माणसं मला पुरेत.

११ मार्च

तळपायाची आग मस्तकात गेली आहे. 

सकाळी आळीतली लंकाबाई बघायला आली. हातात पार्ले बिस्किटांचा पुडा, चेहरा मयताला आल्यासारखा. म्हणाली, "बाई, तुमी काय बी काळजी करू नका. बयाबाईनं जाखमातेला बोलून ठेवलंय. देवी राखती का न्हाई बघा."

"काय बोलून ठेवलंय?"

लंकाबाईने जीभ चावली. मला कोणी सांगितलंच नव्हतं! बयाबाई म्हणजे माझी मोठी नणंद. घरात सगळे आक्का म्हणतो. लग्नानंतर वर्षभरात नवऱ्याने टाकलं, तेव्हापासून भावाकडेच. मी शाळेत जायचे आणि ऋषीला हिनेच कडेवर वाढवला. तर माझं ऑपरेशन चालू असताना ही बाई शिवेवरच्या जाखमातेला गेली, पायातल्या चपला तिथेच सोडल्या आणि शब्द दिला: माझी वैनी स्वतःच्या पायांनी चालत तुझ्या पायरीला येईपर्यंत मी पायात काही घालणार नाही.

हाक मारून बोलावलं.

"आक्का, कुणाला विचारून केलंस हे?"

"देवीला."

"आणि मला?"

"तू बेसुद व्हतीस."

म्हणजे बोलणं संपलंच की! मी बेशुद्ध होते म्हणून माझा पाय परस्पर देवीकडे गहाण. आणि ही काय साधी बाई आहे? हिला साखर आहे. गोळी एक दिवस घेते, दोन दिवस विसरते. साखरेच्या माणसाने अनवाणी फिरू नये, एक काटा पुरतो, हे मी शाळेत आरोग्य तपासणीला येणाऱ्या डॉक्टरांच्या तोंडून शंभरदा ऐकलं आहे. ते सगळं तिला ओरडून सांगितलं. ती माझ्या पाठीला पावडर लावत ऐकत होती.

"आक्का, उद्या पाय कापायची पाळी आली तर?"

"तुझा आला की माझा जाईना का."

ह्याला भक्ती म्हणतात? मी ह्याला दमदाटी म्हणते. आता मी चालले नाही तर ती माझ्यामुळे अनवाणी. चालले तर तिच्या नवसाने चालले. मला काही उरलंच नाही.

१४ मार्च

व्यायाम शिकवायला जास्मिन येते. जुन्नरची मुलगी, नारायणगावच्या दवाखान्यात काम करते, स्कूटीवर एक दिवसाआड येते. गोड बोलून हाल करते. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून वरून दाबायचं, टाच गादीवरून सरकवत गुडघा वाकवायचा. मला आई आठवली, आजी आठवली.

नवसाचं तिला सांगितलं. मला वाटलं शिकलेली आहे, माझ्या बाजूने बोलेल. तर हसली. "मॅडम, माझ्या परीक्षेच्या वेळी आमच्या अम्मीनं साखर सोडली होती. पास मी झाले, पेढा तिनं खाल्ला."

"आणि तुला राग नाही आला?"

"आला ना. पण अभ्यास जास्त केला."

सगळे एकाच माळेचे मणी.

ती गेल्यावर उशीखाली हात घातला तर कागदाची पुडी. अंगारा. फेकणार होते. पण इथून फेकून तरी कुठे जाणार, पलंगावरच पडला असता.

१९ मार्च

आमच्या ह्यांना म्हटलं, तुमची बहीण आहे, तुम्ही सांगा तिला. ऐकेल तर तुमचंच ऐकेल.

"मी काय सांगू?" म्हणाले आणि गोठ्यात गेले.

अपघात झाल्यापासून ह्या माणसाच्या तोंडाला कुलूप आहे. समोर बसतात, पायाकडे बघतात, उठून जातात. मोटरसायकल ताडपत्री घालून बांधून ठेवली आहे. मंचरला जायचं तर फाट्यापर्यंत पायी आणि पुढे जीप. का, तर म्हणे पेट्रोल महाग झालंय. चहासुद्धा सोडला. सुनेने, आरतीने कप पुढे केला तर "पित्त झालंय," म्हणून परत दिला. दिवसातून सहा वेळा चहा पिणारा माणूस! मी हाड मोडून पडले आहे आणि हे पित्ताचं कौतुक करतायत. मला हाताला धरून कोणी दोन शब्द विचारील तर शपथ.

२३ मार्च

आज बघायला आलेल्यांची बोलणी जशीच्या तशी लिहून ठेवते, पुढे कोणाला खोटं वाटायला नको.

"बाई, नशीब म्हणून वाचलात." "आमच्या मेव्हण्याचं असंच झालं व्हतं, तो काय परत उठला न्हाई." "बाई तुमी देवाधर्माचं काय करत न्हाई, म्हणून जरा." आणि प्रत्येकाचं शेवटचं वाक्य ठरलेलं: "बयाबाईचं लई पुण्य हाय तुमच्या मागं."

दिवसभर दात खाऊन गुडघा मी वाकवायचा आणि पुण्य बयाबाईचं!

३० मार्च

पाडवा. खिडकीतून गुढी दिसली. अंगणात शहाबादी फरशी आहे, दुपारी बारानंतर तिच्यावर भाकरी भाजेल. आरती, लंकाबाई, सगळ्याजणी चपला काढून पूजेला उभ्या होत्या आणि सारख्या या पायावरून त्या पायावर होत होत्या. खिडकीतून मला फक्त खांदे दिसत होते, ते नुसते डुलत होते. आक्काचे खांदे मात्र खांबासारखे. आरती सुस्कारे टाकत सावलीत पळाली तरी ही नैवेद्य दाखवून, हात जोडून, सावकाश आत आली.

सगळ्यांना दाखवायचं, दुसरं काय! बघा, मी किती सोसते. मला चीड याचीच येते. सोसायचं तर गुपचूप सोसा.

नंतर तिने मला पुरणपोळी भरवली. मी म्हटलं हाताला काही झालेलं नाही माझ्या. तरी भरवली.

४ एप्रिल

खोलीत कसला तरी वास येतोय. उंदीर मेला असणार, खाटेखाली नाहीतर कोनाड्यात. आरतीने सगळं झाडून काढलं, सापडला नाही. माझीच जखम तर नाही ना चिघळली, म्हणून घाबरून तिला बघायला लावलं. टाक्यांची जागा स्वच्छ आहे.

आणि वर आक्काने दोन दिवसांपासून सकाळ-संध्याकाळ ऊद घालायला सुरुवात केली आहे. माझी दृष्ट काढते म्हणे. डोळ्यांतून पाणी, घशात धूर. "आक्का, मी हाड मोडून मेले नाही, धुराने मारशील," म्हटलं. तिने धुपाटणं खाटेच्या आणखी जवळ ठेवलं.

कांदा काढणी चालू आहे. सकाळी बायकांबरोबर रानात आणि दुपारी माझ्या उशाला. साठी उलटून गेलेली बाई. हल्ली पाय ओढत चालते, आवाज येतो. लंकाबाईने बघितलं असेल, झालं, आता गावभर होईल.

८ एप्रिल

जास्मिनच्या हातून टॉवेलची गुंडाळी निसटून खाटेखाली गेली. ती घ्यायला वाकली. आक्का नेहमीप्रमाणे खाटेला अगदी चिकटून, माझे केस विंचरत उभी होती. जास्मिन खालून वर आलीच नाही. बराच वेळ. मग तिचा आवाज आला, "आत्या, हे काय आहे?"

"काय न्हाई गं. काटा गेला व्हता बाभळीचा. हळद भरलीय."

"हे कधीचं आहे?"

"झाले असतील आठ-पंधरा दिस."

मी ओरडले, काय आहे, मला सांगा! मला वाकता येईना, बघता येईना. जास्मिनने फडकं सोडलं असावं, कारण तो वास एकदम खोलीभर झाला. उंदीर नव्हता. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट काळं पडलंय, असं ती म्हणाली आणि तिचा आवाज फाटला.

मी काय काय बोलले ते लिहवत नाही. गाढव म्हटलं, मूर्ख म्हटलं, देवीला नको ते बोलले. आणि आक्का म्हणते कशी, "दुखत न्हाई गं वैनी. दुखलं असतं तर सांगितलं असतं. तू वरडू नगं, तुझ्या टाक्यांना ताण पडंल."

ऋषीने सुभाषची गाडी आणून तिला मंचरला नेलं. गाडीपर्यंत गेली, तीही अनवाणीच. आरती सपाता घेऊन मागे धावली, तर "देवी बघती" म्हणून ढकलून दिल्या.

तिचा ऊद आठवतोय. माझी दृष्ट काढत होती म्हणे!

१० एप्रिल

दोन बोटं काढली. अंगठा आणि शेजारचं.

मी इथे पडून. ती तिथे पडून. मी हॉस्पिटलात होते तेव्हा ती माझ्या पलंगाखाली चटई टाकून झोपायची, आणि आज मला तिच्यापाशी बसतासुद्धा येत नाही. ऋषी सांगत होता, डॉक्टर तिच्या पायाच्या नसांचं काहीतरी म्हणाले, साखरेने नसा गेल्या आहेत वगैरे. मी म्हटलं, नसाबिसा काही नाही, हट्ट म्हणावं त्याला. हट्टाला औषध आहे का विचार.

संध्याकाळी लंकाबाई आली. दारातच म्हणाली, "बाई, तुमच्यावरचं बयाबाईवर गेलं बघा. देवीनं अदलाबदल केली."

मी बिस्किटांचा पुडा उचलला आणि तिच्या दिशेने भिरकावला. लागला नाही. नेम कच्चा आहे माझा. पण ती गेली.

मग आज पहिल्यांदा जाखमातेशी बोलले. हात जोडले नाहीत. म्हटलं, बाई, मला पाय हवा होता हे खरं. पण तिची दोन बोटं घेऊन मला पाय दे, असं मी कधी म्हटलं? मी नाही म्हटलं. आणि ती म्हणाली असली तर तू ऐकलंस का? तुला काही अक्कल?

 

१६ एप्रिल

आक्का घरी आली. आता समोरच्या भिंतीशी तिची खाट, इकडे माझी. डॉक्टरांनी ठणकावून सांगितलंय, यापुढे घरातसुद्धा अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही, पुन्हा जखम झाली तर पाऊलच जाईल. बँडेजवरून बसतील अशा मऊ, पट्ट्यांच्या खास चपला दिल्या आहेत. त्या चपला खाटेखाली तशाच. ही उतरली की अनवाणीच. आरती रडली, ऋषीने हात जोडले, जास्मिनने झापलं.

"मी शबुद दिलाय."

शेवटी मीच भिमाजी गुरवाला बोलावणं पाठवलं. हो, मी! म्हटलं, तुमच्या देवीने घातलेली गाठ तुम्हीच सोडवा. भिमाजी भला माणूस. टोपी काढून बसला आणि म्हणाला, "बयाक्का, देवी आई हाय, ती काय सावकार न्हाई. चांदीचा पाय करून वाहा. सुटलीस तू."

आक्का म्हणाली, "चांदीचा पाय चालत येतो का रं भिमाजी? मी वैनीचा पाय बोललीय."

तिथे माझं डोकं फिरलं. कोपरावर उठले. म्हटलं, असं का? तुला शब्दच कळतात ना? मग ऐक, जाखमाते, तूही ऐक. भिमाजी साक्षीला आहे. ही बया पायात चप्पल घालेपर्यंत मीसुद्धा तुझ्या पायरीला पाय लावणार नाही!

बोलून आडवी झाले. फार बरं वाटलं. आता मुकाट्याने घालेल, असं मनात म्हटलं.

 आमचे हे दारात उभे होते, ते खाली बसले. भिमाजी म्हणाला, "बाई, आवो हे काय बोलून बसला तुमी!"

"माघारी घे," आक्का म्हणाली. तिचा चेहरा पांढरा झाला होता. दोन बोटं गेली तेव्हा म्हणे हसत होती.

"तू घे."

"देवीच्या नावानं बोललीस वैनी. जल्मात तिला कधी काय बोलली न्हाईस, आन् पयलंच हे बोललीस. ते ती इसरायची न्हाई."

१७ एप्रिल

काय करून बसले मी.

मी आधी पायरीला गेले तर माझा शब्द मोडतो आणि देवी माझ्यावर कोपते. तिने आधी चप्पल घातली तर तिचा मोडतो आणि देवी तरीही माझ्यावरच कोपते. कारण तिने पाय मागितलाय तो माझा. असा आक्काचा हिशेब. मी म्हटलं, अगं मी रागाने बोलले, मी देवीला मानत नाही हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. तर म्हणते, "तू मानत न्हाईस, पर ती तुला मानती ना."

भिमाजीने हात टेकले. एकीचं सोडवलं असतं म्हणे, दोघींचं एकमेकीत अडकलंय. जास्मिनला सांगितलं तर ती माझी टाच हातात धरून म्हणाली, "मॅडम, मला वाटलं होतं तुम्हा दोघींत एकच वेडी आहे."

दुपारी आक्का मोरीपर्यंत गेली. अनवाणी. बँडेज ओलं करून आली. मी डोळे मिटून घेतले. ओरडायचीसुद्धा ताकद नव्हती.

२३ एप्रिल

एक्स-रे चांगला आला. हाड धरतंय. वॉकर घेऊन थोडा थोडा भार द्यायला परवानगी मिळाली.

उभी राहिले! जास्मिनने कमरेला धरलं, ऋषीने समोरून. जमीन गार लागली. घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, पण उभी राहिले, आणि उभ्याने आमचं घर किती लहान आहे ते दिसलं. आक्का तिच्या खाटेवर बसून पदराने डोळे पुसत होती. मग एकदम तिच्या लक्षात आलं आणि म्हणाली, "घरात चाल वैनी. पर देवीकडं जाऊ नगं हां. अजून न्हाई."

ज्यासाठी बोटं घालवली तेच नको म्हणते. हसावं की रडावं.

वॉकर बघून तिला दुसरीच शंका. "ह्यो धरून आलीस तर चालंल का गं देवीला? ह्याला चार पाय हायेत."

"मग तर आणखी चांगलं. सहा पायांनी आले असं सांग."

हसली. कितीतरी दिवसांनी. मग मीही हसले, आणि लगेच राग आला, हसण्यासारखं आहे तरी काय यात.

२७ एप्रिल

बँडेज सोडलं तेव्हा आज मी वॉकर धरून जवळ गेले आणि पहिल्यांदा तिचा पाय बघितला. इतके दिवस नुसतं ऐकत होते. बाजूला नवीनच एक चीर पडली आहे, कुठल्या तरी खड्याची. "ही कधी झाली?" विचारलं तर वाकून बघायला लागली. तिलाच ठाऊक नाही!

मी तिथेच उभ्या उभ्या सगळ्यांना फैलावर घेतलं. हिचा पाय जाईल, तुम्ही सगळे बघत बसाल आणि मग फोटोला हार घालाल. आमचे हे जेवत होते. त्यांना म्हटलं, तुम्ही तर बोलूच नका, तुमचं पित्त सांभाळा.

त्यांनी घास खाली ठेवला. म्हणाले, "एकाच टायमाला करा की."

"काय?"

"हिचा पाय पायरीला, तवाच तुझा चपलंत, आक्का. कुनाचं आदी न्हाई, कुनाचं मागं न्हाई. दोगींचा शबुद राहतो."

इतकं साधं! आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. दोन महिन्यांत हा माणूस पहिल्यांदा चार वाक्यं बोलला, आणि हीच बोलायची होती तर आधी का नाही बोलला, हा माझा सवाल आहे.

आक्काचं लगेच समाधान होईना. भिमाजीला देवीपाशी कौल लावायला लावला. देवीच्या खांद्यावर चिकटवलेलं फूल उजवीकडे पडलं. मी मास्तरीण बाई, एका फुलाच्या परवानगीची वाट बघत दिवसभर खाटेवर बसले होते. पडल्यावर जीव भांड्यात पडला, हेही लिहून ठेवते. कोणाला सांगणार नाही.

९ मे

पाय ठणकतोय, पण आजचं आजच लिहायला हवं.

सकाळी उन्हाच्या आत निघालो. सुभाषच्या गाडीने शिवेवरच्या आंब्यापर्यंत. तिथून जाखमातेची पायरी म्हणजे शाळेच्या मैदानाएवढं अंतर. ते मी चालायचं. आक्काला ऋषी आणि सुभाषने खुर्चीत बसवून उचललं. मी म्हटलं होतं कोणाला सांगू नका, तर लंकाबाईसकट निम्मं गाव. जास्मिनही आली होती, रजा टाकून. तिने सगळ्यांना दटावून बाजूला केलं आणि माझ्या मागे कमरेशी हात धरून चालली.

चालले मी. वॉकर पुढे, दुखरा पाय, मग चांगला पाय. आमचे हे बाजूने एक-एक पाऊल माझ्याबरोबर टाकत होते, डोळे माझ्या पायाशी. मधे एकदा खडा आला तर माझ्या आधी ह्यांनीच तो बाजूला केला. "अजून थोडं," म्हणत होते. त्यांच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं. ऊन तसं फार नव्हतं.

पायरीपाशी आले. मागून कोणी तरी म्हणालं, "बयाबाईची पुण्याई." या वेळी मी वळून बघितलं नाही, तोल गेला असता.

आक्काला खुर्चीतून उठवून पायरीशेजारी उभं केलं, देवीकडे तोंड करून. एका बाजूने ऋषी, एका बाजूने आरती. तिने हात जोडले, डोळे मिटले. बँडेजचा पाय आणि चांगला पाय, दोन्ही मातीत. ठरलं असं होतं: मी वॉकर घट्ट धरून पाय उचलायचा आणि पायरीवर अधांतरी ठेवायचा. मला वाकता येत नाही, म्हणून चपला हे घालणार. आणि चपला पायात गेल्या की आक्काने "हं" म्हणायचं. तिच्या "हं"बरोबर मी पाय टेकायचा.

मी पाय उचलला. मांडीतून कळ गेली.

हे बहिणीपुढे मातीत बसले. धोतराने तिचा चांगला पाय पुसला, चप्पल घातली, पट्टा लावला. मग बँडेजचा पाय हळूच उचलून चपलेत ठेवला आणि तोही पट्टा लावला. हात तिच्या पावलांवरून काढून घेतले आणि वर बघितलं.

आक्का काही बोलेना.

माझा पाय थरथरत होता. जास्मिनचा हात माझ्या कमरेला घट्ट झाला. देवीचे चांदीचे डोळे समोर. आक्काचे ओठ हलत होते, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर वाट बघणं.

"घाल की रं संपत," ती ह्यांना म्हणाली. "का थांबलास? वैनीला किती येळ तरंगत ठेवशील?"

 हे खाली मान घालून तिच्या पायांकडे बघत बसले होते. आरतीने तोंडाला पदर लावला. पाडव्याला त्या तापलेल्या फरशीवर ती कशी उभी होती, आणि मी तिला काय काय म्हटलं होतं.

मीच म्हटलं, "आक्का, हं म्हण."

"घातली?"

"दोन्ही घातल्या. हं म्हण."

"हं," आक्का म्हणाली, आणि मी पाय टेकला.